वाटण बघून वाईन निवडा: घरच्या जेवणासाठी लाल आणि पांढरी

‘माशाबरोबर पांढरी, मटणाबरोबर लाल’ हे वाक्य बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं, आणि पहिल्यांदा घरी वाईन आणणारा माणूस त्याच्याच भरवशावर दुकानात जातो. फ्रान्समध्ये ते बरंचसं खरं ठरतं. तिथे मासा लोणी-लिंबावर शिजतो, मांस मीठ-मिरी लावून भाजतात, त्यामुळे मूळ पदार्थाचीच चव पुढे असते. आपल्याकडे बांगडा तव्यावर तळला तर एक चव, तिरफळं घालून तिखलं केलं तर दुसरी, ओल्या नारळाच्या आमटीत सोडला तर तिसरी. मासा तोच, पण तिन्हींना एकच वाईन सारखी लागत नाही. म्हणून आपल्या जेवणापुरतं मी एवढंच आग्रहाने सांगते: बाटली निवडताना वाटण बघा. आंबट किती आहे, गूळ पडलाय का, खोबरं ओलं आहे की भाजलेलं, तिखट कुठवर गेलंय. मग ताटात मासा आहे की वांगं, हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर जातो.

नुसते नियम सांगितले की ते हवेत राहतात. म्हणून एक जेवण धरून चालू. चार माणसं, शनिवारची रात्र. सुरुवातीला कोथिंबीर वडी आणि रवा लावून तळलेली सुरमई. मग सुकं मटण आणि भाकरी. एक पाहुणी शाकाहारी आहे, तिच्यासाठी खानदेशी भरीत आणि गोडा मसाला घातलेली आमटी. शेवटी श्रीखंड.

आधी ताटलीतली चाचणी

पाहुणे यायच्या आधी एखाद्या संध्याकाळी हे करून बघा. एक पांढरी आणि एक लाल वाईन प्रत्येकी दोन-तीन घोट ओतून घ्या. ताटलीत चार गोष्टी ठेवा: चिमूटभर मीठ, लिंबाची फोड, गुळाचा खडा, हिरव्या मिरचीचा अगदी लहान तुकडा.

आधी दोन्ही वाईन नुसत्या चाखा. लाल वाईनने जीभ आणि हिरड्या कोरड्या पडल्यासारख्या वाटतील, कडक कोरा चहा प्यायल्यावर वाटतं तसंच. हे टॅनिन. लाल वाईन करताना द्राक्षाचा रस सालींसकट आंबवतात, त्यामुळे सालींतला रंग आणि टॅनिन दोन्ही रसात उतरतात. पांढऱ्यासाठी रस काढून साली आधीच बाजूला करतात, म्हणून तिच्यात टॅनिन जवळजवळ नसतं आणि आंबटपणा पुढे येतो.

आता जिभेवर मिठाचे दोन कण ठेवून लाल वाईनचा घोट घ्या. कडवटपणा कमी झालेला लगेच कळेल. लिंबू चोखून पांढरी प्या. मघाशी आंबट वाटलेली तीच वाईन आता मऊ आणि थोडी गोडसर लागेल. गूळ खाऊन प्यायलात तर उलटं होतं, चांगली वाईनसुद्धा पाणचट आणि आंबट वाटायला लागते. आणि मिरचीनंतर लाल वाईन घेतलीत तर आग भडकेल. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या नसांना चेतवतं, त्यांनाच अल्कोहोलही चेतवतं. त्यात टॅनिनचा कोरडेपणा आला की तोंड पोळल्यासारखं होतं.

सगळी जुळवाजुळव या चार घोटांत आहे. मीठ आणि स्निग्धपणा वाईनला मदत करतात. आंबट पदार्थाला निदान तेवढीच आंबट वाईन लागते. गोडाला त्याहून गोड वाईन हवी. तिखटाला कमी अल्कोहोलची, कमी टॅनिनची, गार आणि जमल्यास किंचित गोड. पुस्तकी तक्ते पाठ करण्यापेक्षा ही अर्ध्या तासाची चाचणी मला कितीतरी मोलाची वाटते, कारण एकदा जिभेला कळलं की ते विसरत नाही.

दुकानात काय मागायचं

सुरुवात नाशिकच्या वाईनपासून करा. आपल्या दारची म्हणून तर खरंच, पण सोयीच्या दृष्टीनेही. ती सहज मिळते, परदेशी वाईनपेक्षा स्वस्त पडते आणि जहाजातून, गोदामांतून महिनोन्महिने फिरून आलेली नसते. नव्वदच्या दशकापर्यंत नाशिक ओळखलं जायचं ते खायच्या द्राक्षांसाठी. तिथल्या सुला या वाईन कंपनीच्या पहिल्या बाटल्या 2000 साली बाजारात आल्या. 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणलं आणि मग दिंडोरी, गंगापूर धरणाच्या परिसरात वायनरी, म्हणजे वाईन बनवणारे कारखाने, वाढत गेल्या. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्ली या वाईन कंपनीने सांजोव्हेजे हे इटलीचं लाल द्राक्ष लावलं. त्याच्या वाईनला छान आंबटपणा असतो, म्हणून टोमॅटो किंवा चिंच असलेल्या भाज्यांना ती सोसते.

लेबलवरचं साल बघायला शिका. आपल्याकडचा बागाईतदार वेल वर्षातून दोनदा छाटतो: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. त्यामुळे युरोपात उन्हाळा सरता सरता होणारी वाईनच्या द्राक्षांची काढणी इथे साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. दिवसा ऊन आणि रात्री गारठा, असं हवामान तेव्हा असतं. द्राक्षातली आंबट चव टिकून राहते ती या गारठ्यामुळे. रोजच्या पांढऱ्या आणि गुलाबी वाईनचा सगळा जीव त्या ताजेपणात असतो, म्हणून याच किंवा मागच्या वर्षीची बाटली घ्या. चार वर्षं जुनी साधी पांढरी वाईन स्वस्तात मिळाली तरी सोडून द्या. लाल दोन-तीन वर्षांची असली तरी हरकत नाही.

दुकानही बघून निवडा. बाटल्या रस्त्याकडच्या काचेत उन्हात उभ्या असतील, तर तिथून वाईन घेऊ नका. आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात वाईन बाटलीतल्या बाटलीत शिजते. एसी असलेलं, माल भराभर खपणारं दुकान केव्हाही बरं.

आपल्या शनिवारच्या जेवणासाठी दोनच बाटल्या आणायच्या: एक सोव्हिन्यों ब्लाँ (पांढरी) आणि एक शिराझ (लाल). 750 मिलीच्या बाटलीत दीडशे मिलीचे पाच ग्लास होतात. चौघांना दोन बाटल्या भरपूर झाल्या, थोडी उरेलसुद्धा. घरचं सगळं जेवण शाकाहारी असेल तर ही जोडी बदला आणि शेनिन ब्लाँ (हीसुद्धा पांढरी) व रोझे (गुलाबी) घ्या. झाकण फिरवून उघडणारी बाटली हलकी समजू नका. ताज्या वाईनला ते झाकण उत्तम, आणि कॉर्क खराब निघून वाईनला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येण्याचा धोकाही नाही.

गार करणं, आणि लालसुद्धा

घरी वाईन बेचव लागण्याचं सगळ्यात मोठं कारण तापमान असतं, असं माझं ठाम मत आहे. ‘लाल वाईन रूम टेंपरेचरला प्यावी’ हा सल्ला युरोपातल्या जुन्या दगडी घरांचा आहे. तिथल्या खोल्या सोळा-अठरा अंशांच्या. आपल्या जेवणघरात रात्री नऊलाही अठ्ठावीस-तीस अंश असतात. इतक्या गरम लाल वाईनमधून अल्कोहोलचा भपका येतो आणि फळाचा वास दबतो.

पांढरी बाटली जेवणाआधी तीन तास फ्रिजमध्ये ठेवा आणि ओतायच्या दहा मिनिटं आधी बाहेर काढा. फार थंड वाईनला वास राहत नाही. लाल बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवली की पुरे. हाताला गारसर लागली पाहिजे, बर्फासारखी नाही. आयत्या वेळी आठवण झाली तर मोठ्या पातेल्यात निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घालून त्यात बाटली गळ्यापर्यंत बुडवा. वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात ठेवल्यास उशीर लागतो, कारण खड्यांच्या मधे हवा राहते. पाणी मात्र बाटलीला सगळीकडून भिडतं. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका. गप्पांत विसरायला होतं आणि बाटली फुटते.

ताटातल्या एकेका पदार्थाकडे

कोथिंबीर वडीपासून सुरू करू, कारण हिच्याइतकी सोपी जोडी दुसरी नाही. सोव्हिन्यों ब्लाँला स्वतःचाच एक हिरवा वास असतो, कापलेल्या गवताचा, ढोबळी मिरचीचा. हा वास पायराझिन गटातल्या द्रव्यांमुळे येतो आणि ढोबळी मिरचीच्या वासामागेही हीच मंडळी आहेत. कोथिंबिरीच्या हिरवेपणाशी तो सहज जुळतो. वर तळणीचा तेलकटपणा वाईनच्या आंबटपणाने धुऊन निघतो आणि पुढची वडी पुन्हा पहिल्यासारखी लागते. वडीवर लिंबू पिळलंत तरी बिघडत नाही. बटाटेवडा, अळूवडी, तळलेले बोंबील यांनाही हीच वाईन द्या. खर्च करायची तयारी असेल तर फसफसणारी स्पार्कलिंग आणा. तळणीसोबत तिच्यापुढे कोणी नाही.

सुरमईलाही तीच पांढरी. इथे लाल का नको, याचं कारण कळलं की नियम पाठ करावा लागत नाही. लाल वाईनमधलं लोह आणि माशाची चरबी तोंडात एकत्र आली की हिंवस, धातूसारखी चव मागे राहते. जपानी संशोधकांनी 2009 मध्ये लोहाचा हा भाग दाखवून दिला. बांगडा, तारली अशा तेलकट माशांना हे जास्त जाणवतं. कोकम घातलेली माशाची आमटी केली असेल तरी सोव्हिन्यों ब्लाँच काढा. कोकमाच्या आंबटाला टक्कर देईल अशी तीच आहे. नारळाचं घट्ट दूध घातलेल्या कोलंबीच्या रश्श्याला मात्र मी शेनिन ब्लाँ देईन. नारळाच्या दुधाला अंगची गोडी असते आणि अगदी कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, वाईन त्यापुढे रोडावते.

आता सुकं मटण. कांदा-खोबरं खरपूस भाजून केलेलं वाटण, काळी मिरी, लवंग, दालचिनी, मटणाची चरबी आणि नेटकं मीठ. शिराझला याहून चांगली जागा सापडणार नाही. चरबी आणि प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात, म्हणून नुसती चाखताना खरखरीत वाटलेली वाईन मटणाच्या घासाबरोबर एकदम मऊ होते. शिवाय शिराझमध्ये जो मिरीसारखा वास येतो, तो येतो रोटंडोन नावाच्या द्रव्यामुळे, आणि खऱ्या काळ्या मिरीच्या वासातही हेच रोटंडोन असतं. म्हणून वाटणात मिरी जरा हात सैल सोडून घाला आणि लाल तिखट त्या प्रमाणात आवरा. घास चावून अर्धा गिळा, तोंडात थोडं मटण असतानाच घोट घ्या आणि दोन क्षण थांबा. जुळलं असेल तर खोबऱ्याचा खरपूस वास पुन्हा वर येतो. जुळलं नसेल तर फक्त कडवटपणा मागे राहतो. हे तपासायला दुसऱ्या कुणाची गरज पडत नाही.

मटण ऐवजी चिकन असेल तर? तेच वाटण असेल तर शिराझच. तेच चिकन दही, आलं-लसूण आणि हिरव्या वाटणात केलं असेल तर पांढरी. मांस एक, वाटणं दोन, वाईन दोन.

भरीत हा माझा जिव्हाळ्याचा विषय. विस्तवावर भाजलेल्या वांग्याला धुराचा वास असतो, गर मऊ असतो आणि वर तेलात परतलेला लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे येतात. हिरवी मिरची बेताची असेल तर थोडी गार केलेली हलकी लाल वाईन, टेंप्रानिल्लो मिळाली तर तीच, धुराच्या वासाशी फार सुरेख बसते. मिरची खानदेशी हाताने पडली असेल तर लाल बाजूला ठेवून गार रोझे ओता. आपल्या शनिवारच्या पाहुणीसाठी शिराझ चालेल, फक्त भरतातली मिरची निम्मी करा. भरल्या वांग्याचंही असंच आहे: दाण्याचं कूट, तीळ आणि खोबरं टॅनिनला सांभाळून घेतात, पण गूळ जास्त झाला की शिराझ आंबट पडते.

गोड्या मसाल्याच्या आमटीसाठी किंचित गोडसर शेनिन ब्लाँ हवी. आमटीत चिंचेचं आंबट आणि गुळाचं गोड दोन्ही असतं, आणि नाशिकच्या बऱ्याचशा शेनिनमध्ये ही दोन्ही टोकं आहेत. मसालेभातालाही ती चालते. आपल्याकडे शनिवारी शेनिन नाही, तेव्हा आमटीत गूळ जरा कमी टाकून सोव्हिन्यों ब्लाँवर भागवा.

पिठलं-भाकरी, झुणका, थालीपीठ यांच्याबरोबर पांढरी घ्या, फार विचार नको.

आणि तांबडा रस्सा? त्याच्याबरोबर वाईन ओतू नका. तिखट, कढत आणि पातळ, या तिन्हींपुढे लाल काय आणि पांढरी काय, फुकट जाते. जेवणात तांबडा रस्सा असेल तर वाईन आधीच्या पदार्थांबरोबर संपवा आणि रश्श्याचा मान रश्श्याला द्या. पांढऱ्या रश्श्याचं तसं नाही. नारळाचं दूध, खसखस आणि मटणाच्या अळणीला शेनिन छान साथ देते. ठेचा, लोणचं आणि लसणाची चटणी ताटात डाव्या बाजूला राहू द्या, पण त्यांच्या लगेच नंतरचा घोट पाण्याचा घ्या.

श्रीखंडाबरोबर कोरडी वाईन अजिबात नको. गुळाच्या खड्याने जे केलं तेच श्रीखंड करेल. द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून केलेली गोड लेट हार्वेस्ट शेनिन मिळते. ती पूर्ण गार करून लहान ग्लासात अर्ध्यावर द्या. पुरणपोळीलाही ती शोभते. तेवढा खटाटोप नको असेल तर वाईन इथेच थांबवा. नुसतं श्रीखंड कोणालाच कमी वाटत नाही.

ताटावर बसल्यावर बिघडलं तर

घास आणि घोट पटत नाहीत असं पानावर बसल्यावर लक्षात येतं. बाटली बदलणं शक्य नसतं, ताट बदलता येतं. लाल वाईन कडू लागत असेल तर मटणावर मिठाची चिमूट किंवा भाकरीवर तुपाची धार घाला. पांढरी फार आंबट वाटत असेल तर पदार्थावर लिंबू पिळा. पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटतं, पण ताटलीतली चाचणी केली असेल तर पटेल. तिखट वर चढत असेल तर दह्याची कोशिंबीर किंवा ओलं खोबरं जवळ घ्या आणि वाईन पुन्हा पाच मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवा.

ओतणं आणि पाहुणचार

क्रम सोपा आहे: पांढरी आधी, लाल नंतर, गोड शेवटी. ग्लास महागाचे नकोत, पण काचेचे आणि तोंडाशी थोडे अरुंद असावेत, म्हणजे वास आत राहतो. एक तृतीयांशच भरा. स्टीलचा पेला नको, त्यात वास कोंडत नाही आणि रंगही दिसत नाही. शिराझ जेवणाच्या अर्धा तास आधी उघडून ग्लासात ओतून ठेवा. नुसतं बूच काढून ठेवल्याने फारसा फरक पडत नाही, कारण बाटलीच्या गळ्यातून हवा जाते ती थोडीच.

कॉर्क असेल तर स्क्रू मधोमध, सरळ धरून फिरवा आणि शेवटचा एक वेढा बाहेर राहू द्या. तळापर्यंत घातला तर कॉर्कचा भुगा वाईनमध्ये पडतो. मग टेकण बाटलीच्या कडेवर बसवून हळूहळू उचला, ओढाताण करू नका.

घरात न पिणारी माणसं असतातच: आजी, औषधं चालू असलेले काका, गाडी चालवत परत जाणारा मित्र, गरोदर वहिनी. त्यांना आग्रह करू नका आणि त्यांच्यासाठी टेबलावर नुसतं पाणीही ठेवू नका. सोलकढी किंवा कोकम सरबत तितक्याच चांगल्या ग्लासात द्या. सुरमईबरोबर सोलकढी तर वाईनइतकीच जुळते, कारण तिथेही आंबट आणि खोबरं हेच काम करतं. पिणाऱ्यांच्या ताटाजवळही पाण्याचा पेला असू द्या. वाईनमध्ये साधारण बारा ते चौदा टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे बिअरच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त. ती जेवणाबरोबर, सावकाश घ्यायची आहे.

उरली तर

बूच घट्ट लावून दोन्ही बाटल्या फ्रिजमध्ये उभ्या ठेवा, लालसुद्धा. आडवी ठेवली तर वाईनचा जास्त भाग हवेला लागतो. दोन-तीन दिवस चव टिकते. लाल पिण्याआधी वीस मिनिटं बाहेर काढून ठेवा. दोन-तीन दिवसांनंतर मात्र तिला स्वयंपाकात घ्या. पाव वाटी शिराझ मटण परतताना घाला, उघड्या कढईत तिचा उग्र वास जाईपर्यंत आटवा आणि त्या दिवशी रश्श्यात चिंच किंवा आमसूल निम्मंच टाका.